न झालेल्या प्रवासाचे वर्णन

मराठीत नदीविषयी जे शब्द रोजच्या वापरात आहेत, त्यांतले बहुतेक नदी ओलांडण्याचे किंवा तिच्या काठी थांबण्याचे आहेत. ऐलतीर, पैलतीर, उतार, पाणवठा, घाट. संतांना पैलतीरी जायचे असते. कथाकादंबऱ्यांतली माणसे घाटाच्या पायऱ्यांवर बसून आयुष्याचा हिशेब मांडतात. नर्मदेची परिक्रमा करणारा तर नदी ओलांडायचीही नाही असा नेम करून काठाकाठाने चालतो. नदीच्या लांबीने, पाण्यावरून, दिवसभर जात राहण्याचा अनुभव आपल्या साहित्यात शोधावा लागतो. त्याचे पहिले कारण भूगोलात आहे. सह्याद्रीतून पूर्वेकडे उतरणाऱ्या आपल्या नद्या पावसाळ्यात बेफाम असतात आणि उन्हाळ्यात त्यांचे खडक उघडे पडतात. अशा पात्रांतून बारमाही जलवाहतूक होणे कठीण होते, त्यामुळे नाव ही आपल्याकडे या काठावरून त्या काठावर नेणारी सोय राहिली. १३ जानेवारी २०२३ रोजी 'गंगा विलास' ही नौका वाराणसीहून दिब्रुगडकडे निघाली. ५१ दिवस आणि सुमारे ३,२०० किलोमीटर अशी ती सफर होती. तिला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न होताच. 'क्रूझ' हाच शब्द रुळला, कारण दुसरा हाताशी नव्हता.

हे सारे आठवण्याचे निमित्त घरगुती आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी आणि माझी पत्नी नागार्जुनसागरहून श्रीशैलला कृष्णेच्या पाण्यावरून लाँचने गेलो. लाँचचा प्रवास एका दिवसाचा. तो पहिल्यांदा ठरला त्यापासून घडेपर्यंत एकोणीस वर्षे गेली. या लेखात मला त्या एका दिवसाहून त्या एकोणीस वर्षांविषयी अधिक बोलायचे आहे. मराठी प्रवासवर्णनाने, आणि ते शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांनी, अशा वर्षांची पुरेशी दखल घेतलेली नाही, असे माझे मत झाले आहे.

आम्ही कुरुंदवाडचे. पटवर्धनांच्या जुन्या संस्थानाचे हे गाव कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसले आहे. पंचगंगेवरचा पूल ओलांडला की नृसिंहवाडी, आमच्या बोलण्यातली 'वाडी'. येथे नदी पाहायला जावे लागत नाही. काही वर्षांच्या अंतराने ती आपणहून घरी येते. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांच्या खुणा आमच्या गल्लीतल्या भिंतींवर आहेत. वाडीच्या देवळात पाणी चढून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक त्या पाण्यात स्नान करतात. तेच पाणी आणखी चढले की माणसे जनावरांना घेऊन गाव सोडतात. गुऱ्हाळावरची काहील पाण्यात लोटून तिच्यातून म्हातारी माणसे आणलेली मी लहानपणी पाहिली आहेत. अशा गावात कुणी नदीवर सहलीला जायचे म्हटले तर ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटते.

पत्नीचे माहेर वाडीचे. तिच्या वडिलांचा गुरुचरित्राच्या पारायणाचा नेम होता. स्त्रियांनी ही पोथी स्वतः वाचू नये असा दंडक अनेक घरांत पाळला जातो, तसा त्यांच्याही घरात होता. त्यामुळे तिने गुरुचरित्र वाचले नाही, माजघरात बसून ऐकले. एक्कावन्नाव्या अध्यायात नृसिंहसरस्वती गाणगापूर सोडून श्रीशैलला जातात. तेथे नदीच्या पाण्यात फुलांचे आसन घालण्यास ते शिष्यांना सांगतात, त्यावर बसून निघून जातात, आणि मागाहून प्रसादाची फुले पाण्यावरून शिष्यांकडे येतात. पलीकडून आलेले नावाडी आपण स्वामींना पाहिल्याचे सांगतात. वाडीला बारा वर्षे राहिले असे परंपरा सांगते ते हेच स्वामी, आणि श्रीशैलची नदीही कृष्णाच. आठ-नऊ वर्षांच्या त्या मुलीला प्रश्न पडला: ते आसन पुढे कुठे गेले? तिने वडिलांना विचारले तेव्हा, असे विचारू नये, एवढेच उत्तर मिळाले. प्रश्न तिच्याकडेच राहिला. मला वाटते, आमच्या परंपरेतली ही एक खरीखुरी नदीवरची सफर आहे, आणि तिच्यातही एकच जण पाण्यावरून जातो. बाकी सारे काठावर थांबून फुलांची वाट पाहतात.

श्रीशैलला पाण्यावरून जाता येते हे आम्हाला २००४ च्या सुमारास एका ओळखीच्या शिक्षकांकडून कळले. नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली होती. त्या धरणाचे पाणी मागे श्रीशैलच्या डोंगरांपर्यंत पसरते आणि पाऊसमान चांगले झाले की त्यातून लाँच जाते. पत्नीने त्याच दिवशी ठरवले, २००५ च्या दिवाळीत जायचे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठीचा शिक्षक. मे महिन्याची सुट्टी या कामाला निरुपयोगी, कारण तोवर जलाशयाची पातळी उतरलेली असते. उरते दिवाळीची सुट्टी. आमच्या भागात तेव्हाच जयसिंगपूरची ऊसपरिषद होते, कारखान्यांचे गळीत सुरू होते, आणि आपल्या उसाला तोड कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. दीड एकर उसाचा मालकही त्या दिवसांत गाव सोडत नाही.

२००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पूर आला. मागची भिंत गेली आणि प्रवासाचे पैसे भिंतीत गेले. त्यानंतर मुलीचे लग्न. त्यानंतर माझ्या आईचे मांडीचे हाड मोडले आणि ती चार वर्षे अंथरुणाला होती; तिला उठवणे-बसवणे पत्नीने केले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना सुरक्षित जागी नेणारी बोट उलटली आणि त्यात अनेक जीव गेले, स्त्रिया आणि मुलेही. पाठोपाठ १५ सप्टेंबरला गोदावरीवर पापिकोंडालूकडे निघालेली पर्यटकांची बोट बुडाली. मुलांनी आम्हाला नदीचे नाव काढायचे नाही असे बजावले. २०२० साली टाळेबंदी, २०२१ साली तिसरा पूर. अशी ही यादी आहे, आणि ती सांगितली की ऐकणारा मान डोलावतो. परिस्थितीपुढे कुणाचे चालते?

मीही अनेक वर्षे ही यादी अशीच सांगत आलो. पण तिच्यातून एक साल मी गाळत होतो. २०११ च्या दिवाळीत पूर नव्हता, आई हिंडती-फिरती होती, ऊस त्या वर्षी लवकर गेला होता. पत्नीने चौकशी केली होती, पैसे बाजूला काढले होते, शेजारणीला किल्ली द्यायचे बोलून ठेवले होते. त्याच सुट्टीत एका चर्चासत्राचे निमंत्रण मला आले आणि मी ते स्वीकारले. माझ्या निबंधाचा विषय होता 'मराठी प्रवासवर्णनाची वाटचाल'. पत्नी म्हणाली, "जावा तुम्ही. लाँच काय, पुढच्या वर्षी पण असतीयच." मी गेलो. निबंधाला टाळ्या बरे मिळाल्या. विषयातला हा विनोद मला तेव्हा दिसला नाही. तिला दिसला असावा, पण ती कधी बोलली नाही. पुढच्या दिवाळीच्या आधी आई पडली.

लांबलेल्या प्रवासाबद्दल बोलताना आपण 'राहून गेले' असे म्हणतो. या क्रियापदाला कर्ता नाही. पूर, आजारपण, लग्नकार्य यांच्या रांगेत २०११ साल बसवले की तेही आपोआप घडल्यासारखे दिसू लागते. वास्तविक प्रत्येक लांबणीवर कुणीतरी निर्णय घेतलेला असतो आणि त्याची किंमत बहुधा दुसऱ्याने मोजलेली असते. आमच्या घरात निर्णय माझे होते. आईची सेवा पत्नीनेच करायची हेही कुठे ठरले नव्हते. ते ठरलेलेच होते. 'संसार म्हटला की असे व्हायचेच' हे वाक्य आपण इतक्या सहज उच्चारतो की त्यात कोणाचा संसार आणि कोणाचे व्हायचे, हे विचारायचे राहून जाते. (पाहा, मीही तेच क्रियापद वापरले.)

आता साहित्याकडे वळू. माझ्या त्या निबंधात मी विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'पासून सुरुवात केली होती, जशी सगळेच करतात. घरच्या आर्थिक अडचणीपायी गोडसे भटजी वरसईहून उत्तरेकडे निघाले, सत्तावनच्या धामधुमीत सापडले, आणि आईवडिलांसाठी गंगोदक घेऊन परतले. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेले ते पुस्तक आजही वाचकाला धरून ठेवते. पण मागे राहिलेल्या घराने ती वर्षे कशी काढली, हा त्या पुस्तकाचा विषय नाही. तेथून पुढे मराठी प्रवासवर्णनाने बहुधा हीच चौकट पाळली: पुस्तक निघण्याच्या दिवशी सुरू होते आणि परतण्याच्या दिवशी संपते. १९६० साली 'अपूर्वाई' आले. पु. ल. देशपांडे पत्नीसह इंग्लंडला जातात. त्या पुस्तकातली पत्नी वाचकाला आवडते, पण ती भेटते लेखकाच्या विनोदातून. तीस वर्षांनी, १९९० साली, सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झाले आणि त्या सहजीवनाचा हिशेब दुसऱ्या हाताने लिहिला गेला. ही दोन पुस्तके आपण वर्गात क्वचितच शेजारी ठेवतो. एक प्रवासवर्णनाच्या तासाला लागते, दुसरे आत्मचरित्राच्या.

येथे कुणी म्हणेल की थांबण्याचे साहित्य मराठीत आहे, आणि ते श्रेष्ठ आहे. मान्य. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त टिळक न सांगता घर सोडून जातात आणि पुस्तक मात्र लक्ष्मीबाईंपाशी थांबते. जाणाऱ्याची वाट नाही, वाट पाहणारीचे दिवस आपण वाचतो. माझा आक्षेप आपल्या वर्गीकरणाला आहे. थांबणे आपण आत्मचरित्राच्या कपाटात ठेवले आणि जाणे प्रवासवर्णनाच्या. त्यामुळे जायचे ठरवून थांबलेल्या माणसाला, म्हणजे बहुसंख्य माणसांना, कुठलेच कपाट मिळाले नाही. मीना प्रभु यांच्या पुस्तकांनी प्रवासवर्णनाचा वाचकवर्ग वाढवला आणि एक स्त्री जग पाहून लिहिते हे सवयीचे केले, हे मोठे काम आहे. तरीही या प्रकाराची मोजणी अजून झालेल्या प्रवासांचीच होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला घरातूनच ऐकावा लागला. ज्या तालुक्यात लोकांचे संसार वाहून जातात तेथे एका पेन्शनर जोडप्याची लाँचची सफर लांबली, यात दुःख ते काय? मुलगा म्हणाला ते खोटे नव्हते. पण पत्नीने त्याला दिलेले उत्तर मला अजून पुरे उलगडलेले नाही. ती म्हणाली, "दोनदा बोटीत बसलीया मी, दोन्ही वेळा जीव वाचवायला. एकदा नुसतं बसायचंय." पुराच्या गावात सुखाची इच्छा ही चैन मानली जाते, आणि मला वाटते, पुराने केलेल्या नुकसानात हेही धरले पाहिजे.

अखेर २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही निघालो. एस.टी.ने मिरज, तेथून रेल्वेने पंढरपूरमार्गे सोलापूर, आणि रात्रीच्या गाडीने हैदराबाद. डब्यातल्या एका गृहस्थांनी गाव विचारले. कुरुंदवाड म्हटल्यावर त्यांनी कुर्डुवाडी ऐकले आणि ते स्टेशन मागे गेले म्हणून आमच्याकडे कीव करीत पाहिले. पत्नीने त्यांना पंचगंगेपासून सगळा भूगोल समजावला. रात्री केव्हातरी गाणगापूर रोड स्टेशन गेले. ती जागी होती. वाडी, गाणगापूर, श्रीशैल: स्वामींचीच वाट, फक्त रेल्वेची, एवढेच ती म्हणाली.

नागार्जुनसागरच्या धक्क्यावरून लाँच सकाळी सुटली. जलाशयात नागार्जुनकोंडा आहे. इक्ष्वाकूंची राजधानी विजयपुरी या खोऱ्यात होती. पाणी भरण्यापूर्वी उत्खनन करून तेथील अवशेष उंचावर हलवण्यात आले, आणि जो डोंगरमाथा बेट होऊन उरला त्यावर आज संग्रहालय आहे. पुढे नल्लमलाचे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येत जातात. सहा-सात तासांचा प्रवास, शंभराहून अधिक किलोमीटरांचा. मी वहीत टिपणे घेत होतो. पत्नी कठड्यापाशी बसून खाली पाण्याकडे पाहत होती, डोंगरांकडे नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "अहो, हे पाणी वाहतंय का?"

मी सांगितले की हा जलाशय आहे, प्रवाह जाणवणार नाही. ती म्हणाली, "आपल्याकडचं पाणी इथं येऊन कसं गप बसलंय बघा."

काठावर जन्म काढलेल्या माणसाची ती नजर होती. आम्ही नदीवरच्या सफरीला आलो होतो, आणि जिच्यावरून जात होतो ती वाहणारी नदी नव्हती. नदी अडवली म्हणूनच ही सफर शक्य झाली होती. आमच्या गल्लीत शिरलेले पाणी आलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैल असे एकेका भिंतीशी थांबत खाली येते. जो पाऊस आमची दिवाळी बुडवतो तोच हे तळे भरतो आणि लाँच चालू होते. आलमट्टीच्या उंचीवरून कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात जो वाद आहे तो मी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रात वाचत आलो. पण पूर आणि पर्यटन ही एकाच पाण्याची दोन ठिकाणची नावे आहेत, हे मला त्या दुपारी एका प्राथमिक शिक्षिकेने समजावले.

श्रीशैल धरणाच्या पायथ्याशी लाँच लागली. मल्लिकार्जुनाचे दर्शन झाले. दुसऱ्या दिवशी धरणाच्या वरच्या अंगाला पाताळगंगेच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो. कर्दळीवनाकडे जाणारे मराठी यात्रेकरू तेथे नावेत चढत होते. मी पत्नीला विचारले, मिळाले का उत्तर, आसन कुठे गेले? मला, खरे सांगायचे तर, एखादे सुंदर वाक्य हवे होते. लेखाच्या शेवटी घालण्याजोगे. ती म्हणाली, "उत्तर नको होतं मला. बघायचं होतं." आणि चहा घ्यायला उठली.

लेख तेथेच संपला असता. परतल्यावर मात्र एक गोष्ट घडली. गल्लीतल्या बायका संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर जमल्या आणि त्यांनी तिला प्रवास कसा झाला ते विचारले. मी आत बसून ऐकत होतो, जसे ती एके काळी माजघरात बसून ऐकत असे. तिने सुरुवात केली ती २००५ च्या पुरापासून. भिंत कशी गेली, पैसे कुठल्या डब्यात होते, सासूबाईंना कुशीवर कसे वळवावे लागे, २०११ साली बॅग भरून कशी रिकामी केली. त्या बॅगेचे मला माहीत नव्हते. मला वाटत होते की तेव्हा फक्त बोलणे झाले होते. नागार्जुनसागरच्या धक्क्यावर पोहोचायला तिला पाऊण तास लागला आणि लाँचचा प्रवास तिने दहा मिनिटांत उरकला. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही ती विषय सोडून बोलते आहे असे वाटले नाही. त्यांच्यापैकी दोघींनी आपापले न झालेले प्रवास सांगितले. एकीचा काशीचा, एकीचा नुसता मुंबईचा.

साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक हे वाचत असतील तर माझी एक सूचना आहे. प्रवासवर्णनाचा प्रकल्प देताना विद्यार्थ्याला सहलीचे वर्णन लिहायला सांगण्याऐवजी घरातल्या एखाद्या स्त्रीला विचारायला सांगावे, की तुम्हाला कुठे जायचे होते, केव्हा ठरले होते, आणि ते कोणी पुढे ढकलले. शेवटचा प्रश्न गाळू नये. मी तो एकोणीस वर्षे गाळला, आणि त्याच काळात या विषयावर निबंध वाचला. तो निबंध आता मला पुन्हा लिहावा लागेल. या वेळी तो बॅग भरली त्या दिवसापासून सुरू होईल.